झडप तीच, महाधमनी नवी

हृदयविकार म्हटला की सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर तुंबलेल्या रक्तवाहिन्या, अँजिओप्लास्टी आणि बायपास याच गोष्टी उभ्या राहतात. हृदयाच्या झडपांचे विकार त्या मानाने दुर्लक्षित राहतात आणि त्यांच्याविषयी कधी बोलणे झालेच तर ते ‘झडप बदलली’ एवढ्यावर संपते. निकामी झडप काढायची व तिच्या जागी धातूची अथवा प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली कृत्रिम झडप बसवायची, हा मार्ग १९६०पासून रुळलेला आहे आणि त्याने असंख्य प्राण वाचवले आहेत. परंतु काही रुग्णांत झडप मुळात बिघडलेलीच नसते. ती ज्या चौकटीत बसलेली असते ती चौकट, म्हणजे महाधमनीचे मूळ, फुगून रुंद होते आणि निर्दोष झडप गळू लागते. चौकट फाकली म्हणून दाराच्या चांगल्या फळ्याही मोडीत काढाव्यात काय, असा हा प्रश्न आहे. रुग्णाची स्वतःची झडप राखून केवळ तिच्याभोवतीची महाधमनी बदलणारी शस्त्रक्रिया हे त्याचे उत्तर होय.

हा विषय महानगरांतील मोठ्या रुग्णालयांपुरता नाही. गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरमध्ये राहणाऱ्या तिशीतल्या एखाद्या रुग्णाची कल्पना करावी. नागपूर तेथून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर, तर मुंबई विदर्भ एक्स्प्रेसने साडेनऊशे किलोमीटरहून अधिक दूर. शस्त्रक्रियेसाठी एकदा तेवढे अंतर कापणे कोणालाही जमते. त्यानंतरची चाळीस वर्षे कशी जातात हे मात्र शस्त्रक्रियागृहात कोणती झडप राहिली यावर बरेच अवलंबून असते.

मूळ म्हणजे काय?

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून निघणारी महाधमनी ही शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. तिच्या मुखाशी अर्धचंद्राकृती तीन पातळ पाकळ्यांची झडप असते. हृदय आकुंचन पावले की पाकळ्या भिंतीकडे सरकून वाट देतात, हृदय सैल पडले की मध्यभागी एकमेकींना टेकून वाट बंद करतात. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा ही उघडझाप होते. प्रत्येक पाकळीच्या मागे महाधमनीची भिंत किंचित फुगीर असते. या तीन फुगवट्यांना अंतोनिओ मारिया वाल्साल्व्हा (१६६६-१७२३) या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाचे नाव मिळाले आहे. त्यांपैकी दोहोंतून हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या निघतात. खालचे कडे, पाकळ्या आणि हे फुगवटे मिळून महाधमनीचे मूळ होते.

फुगवटे केवळ शोभेचे नाहीत. त्यांत रक्ताचे भोवरे तयार होतात आणि ते पाकळ्यांना हळुवारपणे मिटायला मदत करतात, हे लिओनार्दो दा विंची याने सोळाव्या शतकाच्या आरंभी चित्रे काढून मांडले होते. १९६०च्या दशकात ऑक्सफर्ड येथील प्रयोगांत त्याला पुष्टी मिळाली. झडप राखणाऱ्या शस्त्रक्रियेत कृत्रिम नळीलाही असे फुगवटे असावेत की नाहीत यावर शल्यविशारदांत आजही मतभेद आहेत. असे फुगवटे असलेली तयार नळी २०००च्या सुमारास रोम येथील रुग्गेरो दे पाउलिस यांनी वापरात आणली.

प्रौढ माणसात हे मूळ साधारण तीन ते साडेतीन सेंटिमीटर रुंद असते. भिंतीतील लवचीक धागे कमकुवत झाले की ते हळूहळू फुगते, पाकळ्यांचे टोकाचे आधार एकमेकांपासून दूर ओढले जातात आणि मध्यभागी फट राहते. बाहेर टाकलेल्या रक्तातील काही भाग प्रत्येक ठोक्याला परत हृदयात पडतो. गंमत अशी की हृदय हा अधिक भार वर्षानुवर्षे विनातक्रार वाहते. धाप लागू लागते तेव्हा डावा कप्पा बराच ताणला गेलेला असतो. दुसरा धोका अधिक भयंकर आहे. फुगलेली भिंत आतून चिरते आणि रक्त तिच्या थरांत शिरते. छातीत किंवा पाठीत एकाएकी फाडल्यासारखी कळ येते. मुळाजवळच्या अशा चिरेवर शस्त्रक्रिया न झाल्यास पहिल्या दोन दिवसांत दर तासाला एक ते दोन टक्के रुग्ण दगावतात, असे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत फार पूर्वीपासून नमूद आहे. अशी चीर पडली असता गोंदियाहून नागपूरपर्यंतचे अंतरही फार मोठे ठरते. म्हणून हे दुखणे चिरण्याआधी सापडणे महत्त्वाचे.

कृत्रिम झडपेची किंमत

१९६८ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ह्यू बेंटॉल आणि अँटनी डी बोनो यांनी फुगलेले मूळ व झडप दोन्ही कापून टाकून त्यांच्या जागी कृत्रिम झडप शिवलेली नळी बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हृदयधमन्यांची मुखे त्या नळीला पुन्हा जोडली जात. ‘बेंटॉल शस्त्रक्रिया’ या नावाने ती जगभर रूढ झाली आणि आजही अनेक रुग्णांसाठी तीच योग्य व खात्रीची आहे. तिला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

तथापि तिच्यातील झडप धातूची असेल तर तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रुग्णाला जन्मभर वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल हे औषध घ्यावे लागते. त्याची मात्रा ‘आयएनआर’ या रक्तचाचणीवर ठरते. रक्त गोठण्यास निरोगी माणसाच्या तुलनेत किती वेळ लागतो याचे ते गुणोत्तर होय. महाधमनीच्या जागी बसवलेल्या बहुतेक धातूच्या झडपांसाठी ते २ ते ३ या पट्ट्यात राखावे लागते. खाली गेले तर झडप अडकण्याची वा मेंदूत गुठळी जाण्याची भीती, वर गेले तर रक्तस्रावाची. पालक, मेथी यांसारख्या हिरव्या भाज्या एकदम वाढवल्या वा बंद केल्या, कोणी वेदनाशामक गोळी दिली, प्रतिजैविकाचा एखादा कोर्स झाला, तरी आकडा हलतो. म्हणून स्थिर रुग्णालाही साधारणतः दर महिन्याला चाचणी सांगितली जाते.

शहरातील नोकरदाराला हे जमून जाते. धानाच्या रोवणीत किंवा कापणीत दिवसभर राबणाऱ्याचे काय? विळा लागणे ही तेथे रोजची गोष्ट आहे. मजुरी बुडवून दर महिन्याला प्रयोगशाळा गाठणे, आकडा पाहून मात्रा बदलून देणारा जाणकार डॉक्टर गाठणे, हे ज्याला साधत नाही तो हळूहळू चाचणी सोडतो आणि गोळी मात्र अंदाजाने घेत राहतो. स्त्रियांची अडचण त्याहून मोठी आहे. वॉरफरिन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते व विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत गर्भाच्या घडणीत दोष निर्माण करू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांनी हा जाच संपेल अशी आशा होती. परंतु धातूच्या झडपांच्या रुग्णांवर डॅबिगॅट्रनची चाचणी गुठळ्या व रक्तस्राव वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. अ‍ॅपिक्साबॅनची तशीच चाचणी २०२२ मध्ये बंद झाली. या रुग्णांसाठी जुने वॉरफरिनच आधार राहिले.

प्राण्याच्या ऊतीची झडप बसवली तर हे औषध जन्मभर लागत नाही. पण तरुण शरीरात ती लवकर कडक होते आणि दहा-पंधरा वर्षांत पुन्हा छाती उघडण्याची पाळी येऊ शकते. तिशीतल्या रुग्णाच्या आयुष्यात ती वेळ एकाहून अधिक वेळा येण्याचा संभव असतो.

किमतीचाही विचार आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेली भारतीय ‘चित्रा’ झडप डिसेंबर १९९०मध्ये प्रथम रुग्णाला बसवण्यात आली आणि परदेशी झडपांच्या मानाने ती कितीतरी स्वस्त ठरली. मात्र झडप स्वस्त झाली तरी तिच्यामागची चाचणी आणि गोळी सुटत नाही.

याकूब आणि डेव्हिड

झडप राखण्याचा विचार दोन ठिकाणी, जवळजवळ स्वतंत्रपणे, आकारास आला. इंग्लंडमधील हेअरफील्ड रुग्णालयात काम करणारे, मूळचे इजिप्तचे मॅगदी याकूब यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस फुगलेल्या भिंती कापून टाकून तीन जिभांच्या आकारात कातरलेली नळी पाकळ्यांच्या काठाशी शिवण्यास आरंभ केला. त्यामुळे फुगवट्यांचा नैसर्गिक आकार राखला जातो, पण खालचे कडे मोकळे राहते आणि काही रुग्णांत ते पुढे रुंदावते. (याच याकूब यांच्या प्रतिष्ठानाने २००९मध्ये कैरोपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अस्वान येथे गरिबांसाठी विनामूल्य हृदयकेंद्र उभारले. प्रगत शस्त्रक्रिया राजधानीतच झाली पाहिजे असा नियम नाही, हे विदर्भातील वाचकाने लक्षात घ्यावे.)

कॅनडातील टोरंटो जनरल रुग्णालयाचे, मूळ ब्राझीलचे टिरोन डेव्हिड यांनी वेगळी वाट धरली. १९९२ साली त्यांनी क्रिस्टोफर फाइंडेल यांच्यासह आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात संपूर्ण झडपच नळीच्या आत बसवून शिवली जाते, त्यामुळे खालच्या कड्यालाही बाहेरून कायमचा आधार मिळतो. ज्यांचे मूळ जन्मजात दुर्बल ऊतीमुळे फुगते त्यांच्यासाठी हा आधार मोलाचा असतो. टोरंटोतील रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला असून वीस वर्षांच्या सुमारासही दहांपैकी नऊहून अधिक जणांना महाधमनीच्या झडपेसाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलेली नव्हती. हे आकडे अत्यंत अनुभवी हातांचे आहेत, हे मात्र वाचताना ध्यानात ठेवावे.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया

छातीचे मधले हाड उभे कापून हृदय उघडे केले जाते आणि रक्ताभिसरण हार्ट-लंग मशीनवर सोपवले जाते. महाधमनीला चिमटा लावून पोटॅशियमयुक्त थंड द्रावाने हृदय थांबवले जाते. मग फुगलेली महाधमनी आडवी कापून शल्यविशारद आत पाहतात. निर्णय खरा येथे होतो. पाकळ्या पातळ, लवचीक व अखंड असतील तरच पुढचे पाऊल. त्या ताणून झिरझिरीत झाल्या असतील, काठाशी मोठी छिद्रे असतील किंवा चुना साचलेला असेल तर बेंटॉल पद्धतीकडे वळणे शहाणपणाचे. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाकडून दोन्ही शक्यतांसाठी संमती घेतली जाते.

पाकळ्या चांगल्या असतील तर त्यांच्या काठाशी सुमारे पाच मिलिमीटरची पट्टी ठेवून बाकी भिंत कापून टाकली जाते. हृदयधमन्यांची दोन मुखे भोवतालच्या भिंतीसह गोल बटणासारखी सुटी केली जातात. झडपेच्या खालून टाके आतून बाहेर काढून डॅक्रॉनच्या नळीच्या तळातून ओवले जातात आणि नळी खाली सरकवून झडपेवर टोपीसारखी चढवली जाते. आता झडप नळीच्या आत असते. पाकळ्यांचे तीन आधार नळीच्या आतील बाजूस योग्य उंचीवर ताणून पक्के करणे हा सर्वांत नाजूक भाग. एखादा आधार दोन-तीन मिलिमीटर खाली बसला तर त्या बाजूची पाकळी लोंबते आणि गळती राहते. नंतर पट्टीचा काठ सलग टाक्यांनी नळीला शिवला जातो, दोन्ही बटणे नळीत छिद्रे पाडून जोडली जातात आणि नळीचे वरचे टोक उरलेल्या महाधमनीला.

पाकळ्या मिटल्यावर किती उंचीवर भेटतात हे मोजण्यासाठी जर्मनीतील होम्बुर्ग येथील हान्स-योआखिम शेफर्स यांनी एक खास मोजपट्टी बनवली. प्रौढांत ही उंची नऊ-दहा मिलिमीटरच्या आसपास असावी असा दंडक त्यातून रूढ झाला. पूर्वी जे नजरेच्या अंदाजावर चाले त्याला यामुळे माप मिळाले. शेवटी हृदय पुन्हा सुरू करून अन्ननलिकेतून घातलेल्या एको-तपासणीने गळती पाहिली जाते. ती लक्षणीय असेल तर मशीन पुन्हा लावून दुरुस्ती करावी लागते अथवा झडप बदलावी लागते. हृदय थांबवून ठेवण्याचा काळ बेंटॉलपेक्षा बहुधा जास्त, अनेकदा दोन तासांहून अधिक असतो. वृद्ध रुग्णात किंवा महाधमनी चिरल्यानंतरच्या धावपळीत हा वेळ परवडेलच असे नाही.

कोणासाठी, कोणासाठी नाही

येथे थोडे कटू सत्य सांगणे भाग आहे. आपल्याकडील तरुणांच्या झडपा बिघडण्याचे मोठे कारण संधिवाताचा ताप हे आहे. बालपणी घशातील जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या या तापाने पाकळ्याच जाड, आखूड व एकमेकींना चिकटलेल्या होतात. चौकट बदलून त्या सुधारत नाहीत. उतारवयात चुना साचून अरुंद झालेल्या झडपेलाही ही शस्त्रक्रिया नाही. तेथे झडप बदलणे, किंवा मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवणे हेच उपाय. तेव्हा ‘माझी झडप वाचवा’ असा आग्रह प्रत्येक रुग्णाने धरण्यात अर्थ नाही.

खरे लाभार्थी म्हणजे मूळ फुगलेले पण पाकळ्या शाबूत असलेले, बहुधा साठीच्या आतील रुग्ण. त्यांत मार्फान विकाराचे रुग्ण ठळक आहेत. फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी १८९६मध्ये वर्णिलेला हा आनुवंशिक विकार सुमारे पाच हजारांत एकाला असतो. तो ज्या जनुकातील दोषामुळे होतो ते १९९१मध्ये ओळखले गेले. उंच सडपातळ बांधा, उंचीहून जास्त भरणारी दोन्ही हातांची पसरण, लांबसडक बोटे, आत दबलेली किंवा पुढे आलेली छाती, डोळ्यातील भिंग सरकणे ही त्याची चिन्हे. अशी मुले कबड्डी-व्हॉलीबॉलच्या संघात हमखास निवडली जातात. अमेरिकेची ऑलिंपिक रौप्यपदक विजेती व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमध्ये सामन्यादरम्यान कोसळून मृत्यू पावली. महाधमनी फाटली होती, आणि तिला मार्फान होता हे शवविच्छेदनातच कळले.

जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असलेल्यांतही मूळ वा त्यावरची महाधमनी फुगते. असे लोक शंभरांत एक-दोन असतात. त्यांच्यातही निवडक रुग्णांत झडप राखता येते.

महाराष्ट्रातील वैद्यकाने या रक्तवाहिनीच्या अभ्यासात घातलेली भरही येथे आठवायला हवी. १९६८च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातील पहिले हृदयारोपण करणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी किणरे, केळकर व परुळकर या सहकाऱ्यांसह महाधमनीच्या दाहावर १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारित ग्रंथ १९७३मध्ये प्रसिद्ध केला. ताकायासु या जपानी नेत्रवैद्याच्या नावाने ओळखला जाणारा हा दाह आशियात, विशेषतः तरुण स्त्रियांत, अधिक आढळतो. त्यानेही मूळ फुगून झडप गळू शकते. मात्र दाह धगधगत असताना शिवलेले टाके सैल होतात, म्हणून आधी औषधांनी तो शमवावा लागतो, आणि अशा भिंतीत झडप राखायची की नाही याचा निर्णय फार जपून घ्यावा लागतो.

वेळ केव्हाची?

मार्फान विकारात मूळ पाच सेंटिमीटरपर्यंत फुगले की शस्त्रक्रिया सुचवली जाते. कुटुंबात कोणाची महाधमनी चिरलेली असेल किंवा फुगण्याचा वेग जास्त असेल तर साडेचारलाच विचार होतो. गर्भधारणेची इच्छा असलेल्या मार्फानच्या रुग्ण स्त्रीतही साडेचारच्या पुढे आधी शस्त्रक्रिया, मग गर्भधारणा असा सल्ला दिला जातो. इतर रुग्णांत ही मर्यादा साधारण साडेपाच असते, अनुभवी केंद्रांत पाचही. उशीर झाला की पाकळ्या ताणून पातळ होतात आणि राखण्याजोगी झडप हातची जाते. तोवर रक्तदाब काबूत ठेवणारी बीटा-ब्लॉकर किंवा लोसार्टनसारखी औषधे फुगण्याचा वेग कमी करतात. जड पोती उचलण्याचे काम मात्र सोडावेच लागते. भातगिरण्यांच्या गोंदियात हा सल्ला देणे सोपे, पाळणे कठीण.

निदानासाठी मुंबई गाठावी लागत नाही. स्टेथोस्कोपने ऐकू येणारा गळतीचा आवाज आणि त्यानंतरची टू-डी एको ही जिल्ह्याच्या ठिकाणी होणारी तपासणी आहे. गोंदियात २०१६पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. एकोच्या अहवालात मुळाची रुंदी लिहिली आहे ना, हे रुग्णाने आवर्जून पाहावे. ‘झडप गळते’ एवढेच लिहिलेला अहवाल या निर्णयासाठी अपुरा आहे. त्यापुढे सीटी-अँजिओग्राफी लागते.

शल्यविशारदांना विचारण्याचा प्रश्न साधा आहे: झडप राखण्याच्या शस्त्रक्रिया आपण किती केल्या, आणि त्यांतील किती रुग्णांची झडप पुढे गळली? याने अपमान होत नाही. वर्षातून एखादीच करणाऱ्या केंद्रात चांगली बेंटॉल करून घेणे, अर्धवट जमलेल्या झडप-रक्षणापेक्षा बरे, हे या क्षेत्रातील जाणतेही मान्य करतात. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१३मध्ये गोंदियासह उर्वरित जिल्ह्यांत पोहोचली आणि २०१७मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. या योजनेतून शस्त्रक्रिया होणार असेल तर मंजूर रकमेत डॅक्रॉनच्या नळीचा खर्च धरला आहे का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्याआधी विचारून घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतर छातीचे हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. पुढे वर्षातून एकदा एको पुरते, कारण राखलेली झडपही क्वचित वर्षांनंतर गळू लागते, बहुधा एखादी पाकळी लोंबून. महाधमनीचा उरलेला भागही पुढे फुगू शकतो, म्हणून त्याची पाहणी सुटत नाही. मार्फानसारख्या विकारात अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, तर चारांतील एका रुग्णाच्या आईवडिलांपैकी कोणालाच तो नसतो. त्यामुळे रुग्ण वार्षिक तपासणीला निघेल तेव्हा आईवडील, भावंडे व मुले यांनाही सोबत न्यावे आणि सर्वांच्या मुळाची रुंदी त्याच फेरीत मोजून घ्यावी.